बोरघाटातील अदलाबदल झालेल्या तारा

#धागा

१/ विल्यम ओ'शॉघनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे १८५४ पर्यंत तारेने जोडली गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून जाई. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला आणि रेल्वेच्या स्वतःच्या ताराही घाट चढू लागल्या.

२/ लोणावळ्याचा पाऊस, वारा आणि दरडी पाहता येथे तारा वारंवार बिघडणे स्वाभाविक होते. तार तुटली की प्रवाह थांबतो. ती ओल्या फांदीला टेकली की प्रवाह जमिनीत जातो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की एकीचा संदेश दुसरीतही उमटतो. हे तिन्ही दोष मोजमापात दिसतात.

३/ चौथा दोष मात्र फसवा. समजा, वादळानंतर अंधारात दुरुस्ती करताना खांबावरील तिसऱ्या तारेचे टोक चौथीला जोडले गेले. दोन्ही तारा अखंड, रोध योग्य, गळती नाही. सारे काही ठीक, फक्त संदेश भलत्याच यंत्रावर पोहोचतो. ३७ फुटांस एक फूट अशा चढाच्या लोहमार्गावर चुकीच्या ठिकाणी वाजलेली घंटा म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

४/ अशा वेळी तारेची ओळखच तपासावी लागते. लोणावळ्याला एकच तार जमिनीला जोडायची, उरलेल्या मोकळ्या ठेवायच्या. कर्जतला प्रत्येक तारेला क्रमाने बॅटरी आणि गॅल्व्हनोमीटर लावायचा; ज्या तारेवर काटा हलेल, तीच ती. मग पुढची. काम कंटाळवाणे, पण पळवाट नाही.

आणखी एक गंमत: त्याच दोन तारांची अदलाबदल खंडाळ्याच्या खाली एकदा आणि वर एकदा झाली, तर कर्जत-लोणावळा चाचणी निर्दोष ठरते! दोन चुका एकमेकींना झाकतात. चूक सापडते ती मधल्या ठाण्यावर.

५/ भारतीय तारखात्यातील जर्मन विद्युततज्ज्ञ लुई श्वेंडलर यांनी १८७० च्या दशकात तारांच्या चाचणीला शिस्तबद्ध रूप दिले. डुप्लेक्स पद्धतीच्या सिद्धान्तावरही त्यांनी लिहिले. या पद्धतीत एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश जातात. त्यासाठी ठाण्यात खऱ्या तारेइतक्याच रोधाची एक ‘कृत्रिम तार’ ठेवून तोल साधतात. निराळ्या जाडीची वा लांबीची तार चुकून जोडली गेली, तर हा तोल ढळतो आणि अदलाबदल उघडी पडते. तारा एकसारख्या असतील, तर मात्र पुन्हा बॅटरी आणि काटा.

६/ १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. वळवण आणि शिरवत्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. उच्च दाबाच्या वाहिन्यांलगत टेलिफोनच्या तारा गेल्या, तर त्यांत घरघर शिरते. यावरचा उपाय मोठा विलक्षण आहे: जोडीतील दोन तारांच्या जागा ठरावीक खांबांवर मुद्दामच बदलायच्या, म्हणजे दोघींत शिरलेला उपद्रव सारखा होऊन कटतो. जी अदलाबदल कालपर्यंत दोष होती, ती आता नकाशात आखली जाऊ लागली.

७/ पुढे एकाच जोडीवरून निरनिराळ्या कंप्रतांवर अनेक संभाषणे नेणारी ‘कॅरियर’ यंत्रणा आली, तेव्हा हे फेर अधिकच काटेकोर झाले, कारण कंप्रता वाढली की शेजारच्या जोडीत होणारी गळतीही वाढते. एखाद्या खांबावर फेर राहून गेला, तरी बॅटरीच्या चाचणीत तो दिसत नाही. त्याचा पत्ता लागतो कानाला: घरघर ऐकू येते, किंवा दोन अनोळखी माणसांचे बोलणे, ज्याला मराठी घरांत ‘क्रॉस कनेक्शन’ म्हणत. मग लाइनमनने खांबामागून खांब चालत, वर पाहत, फेर मोजायचे.