उमेदवारीचा खर्च कोण उचलतो?

चित्रपटाच्या सेटवरच्या सर्वांत खालच्या पायरीचा विचार करताना दोन माणसे वेगळी काढावी लागतात. स्पॉटदादा किंवा लाइटमन कष्टाचे काम करतो, पण ते काम त्याला आधीच येत असते आणि त्या कामाची रोजंदारी तो मागतो. उमेदवाराचे तसे नसते. तिसरा-चौथा सहायक दिग्दर्शक एकाच वेळी राबतो आणि शिकतो. त्याच्या राबण्याचे मोल आणि शिकण्याचा खर्च यांचा हिशेब एकत्र केला जातो, आणि अन्याय तिथूनच सुरू होतो.

त्याच्या राबण्याला मोल आहे का? कंटिन्यूइटीचेच उदाहरण घ्या. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. दारातून बाहेर पडणारी नायिका सोमवारी चित्रित होते आणि अंगणात उतरणारी तीच नायिका पुढच्या आठवड्यात. पिशवी कोणत्या हातात होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, संवादाच्या कोणत्या शब्दावर तिने मान वळवली, हे सगळे उमेदवाराच्या वहीत असते. ती नोंद चुकली तर दोन तुकडे संकलनात जुळत नाहीत. क्लॅपचेही तसेच. चित्र आणि ध्वनी स्वतंत्र नोंदले जातात. पाटीवरचा आकडा आणि तिचा आवाज यांवरून ते जुळवले जातात. ही कामे किरकोळ मुळीच नाहीत. मात्र ती करताना उमेदवार शॉट कसा तुटतो आणि कसा जुळतो हे शिकतो, आणि निर्माता त्यालाच मोबदला समजतो.

एके काळी हा हिशेब वेगळा होता. व्ही. शांताराम १९२० मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करू लागले. पुढे तिथेच त्यांनी भूमिका केल्या आणि १९२७ चा ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. दामले आणि फत्तेलाल त्याच कंपनीत घडले. या मंडळींनी १९२९ मध्ये काढलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, तेव्हा शिकत शिकत वर चढण्याची ही रीतही सोबत आली. ध्वनिमुद्रण सांभाळणारे दामले आणि कलादिग्दर्शक फत्तेलाल यांनी मिळून १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शिरता येत होते, कारण सगळी खाती एकाच आवारात होती आणि माणसे पगारी होती. गुरुदत्त १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये आले. १९४५ च्या ‘लाखारानी’त त्यांनी छोटी भूमिका केली, तर १९४६ च्या ‘हम एक हैं’साठी नृत्ये बसवली आणि सहायकाचे कामही केले.

प्रभातच्या मालकांचे मन मोठे होते, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार इथे नेमका लागू पडतो: जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालते, ते शिकवण्याचा खर्च मालक उचलत नाही, शिकणाराच तो सोसतो. प्रभातला हा खर्च परवडत होता, कारण शिकलेला माणूस पुढच्या चित्रपटालाही तिथेच असे. स्टुडिओ मोडले आणि प्रत्येक चित्रपटासाठी नवी जुळवाजुळव होऊ लागली, तेव्हा आपण शिकवलेल्या माणसाचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडू लागला. मग शिकवायचे कुणी?

प्रभातच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि या प्रश्नाला एक सार्वजनिक उत्तर मिळाले: खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. मला हे उत्तर मोलाचे वाटते. पण तिथल्या जागा मोजक्या आहेत. पुण्यात एकांकिका करून, मित्रांच्या लघुपटांत राबून कॅमेऱ्यामागे येऊ पाहणारी मुले त्याहून कितीतरी अधिक. सदाशिव पेठेतल्या कॉटचे भाडे आणि मेसचे पैसे गावाहून येतात, तोवर त्यांची उमेदवारी चालते. याचा परिणाम पडद्यावरही होतो. ज्याच्या घरून दोन वर्षे पैसे येऊ शकतात तोच टिकतो, आणि कुणाच्या गोष्टी सांगितल्या जाणार हे तिथेच ठरू लागते.

सिनेकामगारांशी लेखी करार करण्याचे बंधन १९८१ च्या केंद्रीय कायद्याने घातले. उमेदवाराच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा तोंडी शब्दच येतो. शिकण्याचा खर्च कुणी सोसावा यावर वाद होऊ शकेल; वहीतल्या नोंदींवर, म्हणजे झालेल्या कामावर, तो होऊ शकत नाही. म्हणून त्याच्या करारात किमान चार गोष्टी हव्यात: दिवसाचा दर, पैसे मिळण्याची तारीख, शिफ्टचे तास आणि श्रेयनामावलीत नाव. रात्रीची शिफ्ट असेल तर घरी सोडणारी गाडीही.