उशिरा आलेला विद्यार्थी

१८५५ साल ध्यानात ठेवा. त्या साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं तिथं अक्षर गिरवायला बसली. त्याच १८५५ साली मुंबईत सरकारी कायद्याची शाळा सुरू झाली. तिचंच पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज झालं. दोन दारं एकाच साली उघडली. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जायला आपल्याला किती वर्षं लागली? १९३५ साली बाबासाहेब त्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. म्हणजे बरोबर ऐंशी.

मित्रहो, बाबासाहेबांच्या डिग्र्या आपण जयंतीच्या भाषणात एका दमात मोजतो. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी एका रुळावरून सुसाट गेली. तसं घडलं नाही. बॅरिस्टरी तर अजिबात तशी झाली नाही. ती मोडून, थांबून, मधे नोकरी करून, उसनवारी करून पुरी केलेली आहे. ज्या पोराला आज सत्ताविसाव्या, तिसाव्या वर्षी कारखान्यातनं सुटून लॉला नाव घालावंसं वाटतं आणि लाजही वाटते, त्यानं ही तारीखवार हकीगत नीट बघावी.

१९१६ साली अमेरिकेतून बाबासाहेब लंडनला आले. त्या नोव्हेंबरात ग्रेज इनमध्ये त्यांचं नाव दाखल झालं. वय पंचवीस, घरी बायको आणि मूल. शिष्यवृत्ती बडोदा संस्थानची. तिची मुदत १९१७ मध्ये संपली आणि शिक्षण अर्ध्यात तुटलं. करार असा की शिकून आल्यावर संस्थानची नोकरी करायची. म्हणून बडोद्याला गेले. तिथं काय झालं ते तुम्हांला पाठ आहे. शिपाई कागद लांबून फेकायचे, राहायला कुणी जागा देईना, पारशाच्या धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस झाडाखाली बसून रडला, हे आपण सांगतो. पण त्याच्या पुढचं सांगत नाही. त्या दिवसांत बॅरिस्टरीची टर्म पण तिकडे तशीच अडकून पडली होती.

पुढची तीन वर्षं म्हणजे नोकरी. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रोफेसर झाले. तिथल्या सहकारी प्रोफेसरांना हा माणूस आपल्या माठातलं पाणी प्यालेला चालेना. पगार प्रोफेसराचा, पण राहणं परळच्या बी.आय.टी. चाळीत. का? लंडनला परत जायचं होतं. रमाईनं त्या पगारातल्या ठरल्या पैशात घर रेटलं. ही बचत कोणाच्या पोटातून झाली ते आपल्या चरित्रकारांनी जरा जास्त लिहायला हवं होतं. वर कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज. १९२० च्या जुलैत बोट धरली. तेव्हा वय एकोणतीस.

लंडनच्या त्या संस्थांची रीत गमतीची. नुसती परीक्षा देऊन भागत नसे. 'टर्म' भराव्या लागत, आणि टर्म भरायची म्हणजे ठरलेल्या संख्येनं संस्थेच्या हॉलात जेवायला हजर राहायचं. हजेरी जेवणाची! एरवी अर्ध्या पोटी राहून, सोबत आणलेले पापड भाजून खाऊन हा माणूस दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचा. आणि शेजारी डी.एस्सी.चा प्रबंध चाललेलाच. २८ जून १९२२ ला बॅरिस्टर झाले. पहिल्यांदा नाव घातल्यापासून साडेपाच वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी.

मग घरी आल्यावर सगळं ठीक? कुठलं! १९२३ ला परत आले तर सनद काढायला पैसे नाहीत. पुन्हा नवल भथेना. सनद आली तर सॉलिसिटर काम देईनात, कारण महार बॅरिस्टर. म्हणून १९२५ पासून बाटलीबॉयच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायची अर्धवेळ नोकरी, १९२८ ला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवणी. परळच्या दामोदर हॉलात ऑफिस, आणि तिथं बसलेला अशील कोण? गिरणीतला, गोदीतला, खेड्यातून वहीवाटीचे फाटके कागद घेऊन आलेला.

आता कुणी म्हणेल, त्या काळी क्रांती करायची सोडून कोर्टाची हौस कशाला? त्याला महाडची फाइल दाखवावी. २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्यालो. डिसेंबरात परत जायचं ठरलं, तर सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला. दहा हजारांवर माणसं जमलेली असताना तळ्यावर जाणं थांबवावं लागलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळं त्या दाव्यात अडकलं. दावा चालला किती? मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं शेवटचा निकाल दिला १७ मार्च १९३७ रोजी. पाणी एका दिवसात प्यालो, कागदावर प्यायला दहा वर्षं गेली. समोरच्याकडे वकील पिढीजात होते. आपल्याकडे जो होता तो चाळीत राहून, उसने पैसे काढून, वय वाढल्यावर झालेला.

आणि त्यानं हे लक्षात ठेवलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते सकाळच्या वेळी, की नोकरी करणाऱ्या पोरानं वर्ग करून कामावर जावं. नंतर सिद्धार्थ रात्रशाळा आली. १९५६ ला सिद्धार्थ लॉ कॉलेज. घड्याळ बघून काढलेली ही कॉलेजं आहेत. कॉलेजच्या वेळापत्रकात जात असते हे बाबासाहेबांना दिसलं होतं. अकरा ते पाच वर्ग भरवा, बाहेर पाटी लावा 'सर्वांस प्रवेश', आणि बघा कोण येतं. ज्याचा बाप खर्च करतो तोच येतो.

हे मी गिरणीचा माणूस म्हणून सांगतो. आपल्या माणसाला मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे आणि सवर्ण कामगाराला आपल्या तोंडचा धोटा नको. साचेखात्याचा पगार जास्त. म्हणजे विटाळ शेवटी पगारपत्रकावर जाऊन बसला. तसाच तो वयावर जाऊन बसतो. आपलं पोरगं विसाव्या वर्षी बी.ए. करत नाही, पाळी करतं. बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण, गावचं कर्ज. सव्विसाव्या वर्षी जरा श्वास मिळतो, तर लोक म्हणतात, आता काय शिकतोस म्हाताऱ्या! ती सहा वर्षं कोणी खाल्ली ते कुणी विचारत नाही.

लॉचा अभ्यास अवघड आहे म्हणून गडी सुटत नाही. पाळी फिरते म्हणून सुटतो. सात ते साडेतीन कायमची असती तर संध्याकाळ आपली. पण एक आठवडा पहिली, दुसरा आठवडा दुसरी, तिसऱ्यात रात्रपाळी. सकाळचा वर्ग पहिल्या पाळीत बुडतो, संध्याकाळचा दुसऱ्यात बुडतो, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस बाकावर कराराचा कायदा ऐकता ऐकता पेंगतो. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा कायम गेला, वर्ग कुठलाही घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत हजेरी सत्तर टक्के आहे. करा हिशेब. यातून जे पार पडतात ते कुणातरी सोबत्याशी पाळी बदलून घेतात. दुसरा उपाय मला तरी दिसलेला नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात तर विद्यार्थ्यानं नोकरी करत होतो का, मालकाची परवानगी घेतली होती का, हेही सांगायचं आलं. मालक लिहून देतो? विचारून बघा कुणालाही.

शिक्षण कसदार व्हावं याला आपला विरोध नाही. रात्री शिकलेला वकील कच्चा चालेल असं आपण म्हणूच नये, कारण त्याच्या कच्चेपणाची किंमत आपलाच अशील मोजतो. भांडण आहे ते दाराशी.

आणि दाराशी भांडणं झालेली आहेत. १९९३ मध्ये बार कौन्सिलनं नियम केला की पंचेचाळीस वर्षं पुरी झालेल्याला नव्यानं सनद नाही. १९९५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं तो मोडला. कोर्टानं साधी गोष्ट दाखवली : तरुणपणी सनद काढून नोकरीला गेलेला माणूस पन्नाशीत परत येऊन वकिली करू शकतो, मग पहिल्यांदा येणाऱ्यालाच बंदी का? पुढे २००८ च्या नियमांत प्रवेशालाच वय लावलं. पाच वर्षांच्या कोर्सला वीस, तीन वर्षांच्या कोर्सला तीस. मागासवर्गीयांना तीन वर्षांच्या कोर्सला पाच वर्षं सवलत. (आपलं पोरगं पाच वर्षं मागं पडतं हे त्यांना ठाऊक होतं म्हणायचं.) मधे ते बाजूला पडलं, २०१६ ला परत आणलं, आणि मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली.

राहिले सनदेचे पैसे. १९२३ साली बाबासाहेबांना जे उसने काढावे लागले ते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये फी लिहिलेली आहे : इतरांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. पण राज्यांच्या बार कौन्सिलांनी वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजार, वीस हजार, कुठं चाळीस हजारांवर घेतले. कायदा सांभाळणाऱ्यांनीच. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे बेकायदा ठरवलं. जादा फी गरीब आणि दलित वकिलाला दाराबाहेर ठेवते, हेही निकालात आलं. नाव घालायला जाल तेव्हा १२५ चा आकडा आणि निकालाची तारीख वहीत लिहून न्या, खिडकीवरच्या बाबूला पाठ असेलच असं नाही. मात्र निकाल पुढच्यांसाठी आहे. आधी ज्यांनी व्याजानं काढून भरले त्यांचे पैसे परत द्यायला कोर्टानं सांगितलेलं नाही.