परक्या प्रकाशाचा अंमल

इ. स. १६६५ च्या फेब्रुवारी महिन्यांत हेग शहरीं डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स हा प्रकृति बरी नसल्यामुळें कांहीं दिवस घरांतच पडून होता. समोर एकाच आधाराच्या लांकडाला टांगलेलीं दोन लंबकाचीं घड्याळें. सहज पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, दोन्ही लंबक एकाच तालांत, पण अगदीं विरुद्ध दिशांना हालत आहेत. मुद्दाम ताल मोडला तरी अर्ध्या तासाच्या आंत तीं पुनः पूर्ववत् होत. हवेच्या हालचालीचा हा परिणाम असावा, असा त्याचा पहिला तर्क. तो खोटा ठरला. खरें कारण त्या लांकडाचा डोळ्यांस न दिसणारा कंप हें होतें. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यानें हें कळविलें, तेव्हां तेथील कांहीं सभासदांना यांत कौतुकापेक्षां धोकाच अधिक दिसला. जें घड्याळ इतक्या सूक्ष्म कंपानें चळतें, त्याच्या भरंवशावर भर समुद्रांत जहाजाचे रेखांश कसे काढावयाचे?

हा आक्षेप आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. एका आंदोलकावर दुसऱ्याचा अंमल चालतो, ही गोष्ट पुढेंही अनेकदां प्रथम दोष म्हणूनच शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली. १९२७ सालीं व्हान डर पोल व व्हान डर मार्क या डच संशोधकांनीं निऑनच्या दिव्याच्या आंदोलक मंडलावर बाहेरून नियमित विद्युत्स्पंद सोडले. मंडलाची कंपनसंख्या बाहेरील कंपनसंख्येच्या निम्मी, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा अशी उड्या घेत उतरूं लागली. दोन उड्यांच्या दरम्यान टेलिफोनच्या कर्ण्यांत कधीं कधीं अनियमित खरखर ऐकूं येई. ती त्यांनीं नोंदली, आणि गौण म्हणून बाजूस सारली. १९४६ त रॉबर्ट ॲडलर यानें रेडिओच्या आंदोलकांसाठीं या अंकित होण्याचा नियम एका आटोपशीर समीकरणांत मांडला: दोन कंपनसंख्यांतील अंतर एका मर्यादेच्या आंत असलें, तरच एक दुसऱ्यास बांधतो, आणि ही मर्यादा बाहेरून आलेल्या स्पंदाच्या बळावर ठरते. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवितांना ऐकूं येणाऱ्या लाटा ज्यांच्या परिचयाच्या आहेत, त्यांना या मर्यादेबाहेर काय घडतें हें सांगावयास नको.

लेसरचा जन्म १९६० सालचा. दोनच वर्षांनीं अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथें रॉबर्ट हॉल यानें गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या इवल्याशा स्फटिकांतून लेसरचा प्रकाश काढला; पण त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यांत ठेवावें लागे. सामान्य तपमानांत अखंड चालणारा अर्धवाहक लेसर १९७० सालीं सिद्ध झाला, लेनिनग्राड येथें आल्फेरॉव्हच्या मंडळींकडून व अमेरिकेंत हायाशी आणि पॅनिश यांजकडून. याची लांबी साधारणतः मिलिमीटरच्या तृतीयांशाएवढी. स्फटिकाचीं फोडलेलीं टोकें हेच त्याचे आरसे, आणि ते सुमारें ३० टक्केच प्रकाश परत फिरवितात. अर्थात् आंतला प्रकाश जसा सुखानें बाहेर पडतो, तसाच बाहेरचाही सुखानें आंत शिरतो. घराला दोन्ही बाजूंनीं दारें असावींत, पण कडी एकाही दाराला नसावी, तसा हा प्रकार!

त्यांत स्फटिकाचा एक स्वभावधर्म भर घालतो. बाहेरचा प्रकाश आंत आला कीं साठलेल्या विद्युत्कणांची संख्या घटते. ती घटली कीं वक्रीभवनांक वाढतो, आणि लेसरची स्वतःची कंपनसंख्याच खालीं सरकते. चार्ल्स हेन्री यानें १९८२ त या संबंधाचें महत्त्व दाखवून दिलें, व त्याच वर्षीं लँग यानें सिद्ध केलें कीं, यामुळें अंकित होण्याची मर्यादा दोन्ही बाजूंस सारखी राहत नाहीं. इंग्रजी ग्रंथांत प्रकाश देणाऱ्या लेसरला 'धनी' व घेणाऱ्याला 'गुलाम' अशा अर्थाचीं नांवें रूढ झालीं. आम्हांस तीं रुचत नाहींत, आणि तीं पुरतीं खरींही नाहींत. हा गुलाम कित्येकदां धन्याला न जुमानतां स्वतःच्याच निराळ्या तालावर नाचूं लागतो.

नाचतो तो कां? विद्युत्कण आणि प्रकाशाची तीव्रता या दोनच राशींचा खेळ असता, तर अव्यवस्था शक्यच नव्हती. सपाट कागदावर स्वतःला कोठेंही न छेदतां रेघ ओढीत राहिलें, तर ती अखेर एका बिंदूपाशीं विसावते किंवा एकाच बंद वाटेनें फिरत राहते. बाहेरचा प्रकाश आला कीं कलेंतील फरक ही तिसरी राशि येते, आणि रेघेला कागदावरून वर उठावयास जागा मिळते. सिम्प्सन, लिऊ व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ त प्रत्यक्ष दाखविलें कीं, अशा लेसरचा स्पंदकाल दुप्पट होत होत शेवटीं संपूर्ण अनियमितता येते. १९२७ ची ती गौण खरखर आतां स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली होती.

आणि बाहेरचा प्रकाशच स्थिर न ठेवतां त्याची तीव्रता तालांत कमीजास्त केली तर? म्हणजे हायगेन्सच्या घड्याळांचें लांकूडच आपण मुद्दाम हालवावें, असा हा प्रयोग. स्थिर प्रकाशाखालीं आंदोलणारा लेसर सेकंदास अब्जावधि स्पंद देतो, परंतु दोहोंपैकीं एका लेसरचें तपमान किंचित् बदललें तरी त्याचा ताल सरकतो. येणाऱ्या प्रकाशांत त्या तालाजवळचा स्पंद आधींच भरला, तर लेसर त्याला धरून राहतो व ताल स्थिरावतो. निम्म्या कंपनसंख्येचा स्पंदही कधीं कधीं पुरतो, जसा निऑनच्या दिव्याला दुप्पट कंपनसंख्येचा पुरला होता. स्पंद दुर्बल असला किंवा त्याची कंपनसंख्या फार दूरची असली, तर दोन ताल एकमेकांशीं झगडत राहतात, आणि त्या झगड्यांतून पुनः अव्यवस्थाही उपजूं शकते. म्हणून प्रकाशतंतूंतून रेडिओलहरी पाठविण्यासाठीं हा स्थिर ताल हवा असणारांस आधीं बळ, अंतर आणि स्पंद या तिहींचा नकाशा काढून, त्यांत आपली जागा बारकाईनें निवडावी लागते.