सहा वादकांचे आठ झाले : मोत्सार्टच्या एका रचनेचा इतिहास

संगीताच्या इतिहासात आश्रयदात्यांची नावे ठळक उरतात, वाजवणाऱ्यांची क्वचितच. मोत्सार्टची ई-फ्लॅट मेजरमधील सेरेनेड, कोखेल क्रमांक ३७५, याचे बोलके उदाहरण आहे.

१७८१ साली मोत्सार्टने साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि तो व्हिएन्नात राहिला. बांधलेला पगार गेला. आता शिकवण्या, मैफली आणि मागणीबरहुकूम लेखन यांवरच भिस्त. त्या ऑक्टोबरात त्याने दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बासून यांच्यासाठी ही पाच भागांची रचना केली. संत तेरेसाच्या दिवशी दरबारी चित्रकार हिकेल यांच्या घरी ती प्रथम वाजली. सम्राटाचा खासगी सेवक श्ट्राक याचे तेथे जाणे-येणे होते. त्याच्या कानावर पडणार म्हणून आपण ती जरा काळजीपूर्वक लिहिली, असे मोत्सार्टने वडिलांना मोकळेपणाने कळवले.

त्याच पत्रात ते सहा वादकही आहेत. बिचारे गरीब, पण एकत्र वाजवतात छान, असा त्यांचा उल्लेख येतो. त्या रात्री त्यांना एकामागून एक तीन ठिकाणी नेऊन वाजवायला लावले गेले आणि बिदागीही मिळाली. पुढे ३१ ऑक्टोबरला, मोत्सार्टच्या नामदिनी, रात्री अकरा वाजता ते त्याच्याच अंगणात उभे राहिले आणि त्याचीच रचना त्याला ऐकवली.

१७८२ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने आठ जणांचा दरबारी सुषिरवाद्यवृंद उभारला. त्यात दोन ओबोही होते. जुलैत मोत्सार्टने आपली रचना आठ वाद्यांसाठी नव्याने बेतली. नुसते दोन आवाज वाढवून भागणारे नव्हते. आधी वरची चाल मुख्यतः क्लॅरिनेटकडे होती. आता ती ओबो आणि क्लॅरिनेट यांच्यात वाटून द्यायची, संवाद नव्याने जुळवायचे. त्याच महिन्यात आपल्या नव्या ऑपेराचे सुषिरवाद्यवृंदासाठीचे रूपही तो घाईने करत होता. नाहीतर दुसराच कोणी ते करून कमाई नेईल, ही धास्ती त्याच्या पत्रात दिसते.

म्हणजे हे संस्करण चूक सुधारण्यासाठी झालेले नाही. बाजार बदलला, वृंद बदलला, म्हणून लेखन बदलले. आज आठ वाद्यांचे रूप अधिक वाजते. पण म्हणून सहांच्या रूपाला कच्चा खर्डा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ते पूर्ण होते, वाजले होते आणि रात्री घरोघर फिरून सहा जणांना चार पैसे मिळवून देऊन गेले होते. त्यांची नावे मोत्सार्टने पत्रात लिहिली नाहीत. त्यांची कदर मात्र लिहून ठेवली.