सरळ रेषेत चालणारी सुई

दहावीच्या भूमितीत आपण एक प्रमेय शिकवतो : वर्तुळाची स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. फळ्यावर आकृती काढतो, सिद्धता लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. हा काटकोन प्रत्यक्ष यंत्रात सांभाळण्यासाठी मात्र लोकांनी जवळजवळ शंभर वर्षे खटपट केली. अखेर तो सांभाळता आला, तेव्हा वेगळ्याच अडचणी पुढे उभ्या राहिल्या. ही हकीकत आहे ग्रामोफोनच्या सुईची.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्याचा दंडगोल आटे पाडलेल्या दांड्यावर फिरत फिरत पुढे सरके आणि सुई सतत एकाच कोनात टेकलेली राही. १८८७ मध्ये बर्लिनरने सपाट तबकडीचे पेटंट घेतले आणि प्रश्न निर्माण झाला. तबकडी कोरताना कोरणी काठाकडून मध्याकडे त्रिज्येवरून सरळ सरकते. वाजवताना मात्र सुई ज्या दांड्यावर बसवलेली असते, तो एका खुंटीभोवती फिरतो. त्यामुळे सुई कंसाकार मार्गाने जाते. कोरताना जो कोन होता तो वाजवताना राहत नाही, आणि आवाजात विकृती येते.

१९२४ साली पर्सी विल्सन यांनी 'द ग्रामोफोन' या इंग्लिश मासिकात या चुकीचे गणित मांडले. पुढे १९३८ मध्ये लोफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी ते पूर्णत्वाला नेले. उपाय असा : सुई तबकडीच्या केंद्राच्या थोडी पलीकडे पोचेल असा दांडा बसवायचा आणि सुईकडचे टोक थोडे आत वळवायचे. सुमारे २३० मिलिमीटर लांबीच्या दांड्याला हे वळण साधारण २४ अंशांचे लागते. एवढे केल्यावर चूक जास्तीत जास्त सुमारे २ अंश उरते आणि दोन ठिकाणी ती शून्य होते. पण वळवलेल्या दांड्यामुळे घर्षणाचा जोर सुईला केंद्राकडे ओढू लागतो. त्यासाठी उलट दिशेने ओढणारी आणखी एक योजना करावी लागते.

मग सुई सरळच का नेऊ नये? डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफ्सेन कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या 'बिओग्राम ४०००' या यंत्रात दांडा थोडा तिरका झाला, की प्रकाशसंवेदक ते ओळखी आणि मोटर दांड्याला पुढे सरकवी. युक्ती चांगली होती, पण चूक झाल्याशिवाय ती दुरुस्त होणार नव्हती. मोटर काढून टाकायची तर सुईनेच दांडा ओढायला हवा. एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका फेऱ्यात सुईला जेमतेम ०.१३ मिलिमीटर आत सरकायचे असते. एवढ्या सूक्ष्म हालचालीत घर्षण जवळजवळ शून्य हवे.

इथे हवा मदतीला आली. हवेचे वंगण नवे नव्हते. १८९७ मध्येच अमेरिकन अभियंता किंग्जबरी याने हवेवर तरंगणारा फिरता दंड करून दाखवला होता. तो दंड वेगाने फिरताना स्वतःच हवा खेचून घेई. सुईचा दांडा इतका सावकाश चालतो, की त्याला पंपाने हवा पुरवावी लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ब्रूस थिग्पेन यांनी 'एमिनंट टेक्नॉलॉजी' या आपल्या कंपनीमार्फत 'ईटी-२' हा दांडा आणला. त्यात नळीसारखे एक घर पक्के बसवलेले असते आणि त्यातून सुईच्या दांड्यासकट एक दंड हवेच्या पातळ थरावर सरकतो.

याचा अनुभव वर्गात सहज घेता येतो. जुन्या सीडीच्या भोकावर भोक पाडलेले बाटलीचे झाकण चिकटवा. फुगा फुगवून त्याचे तोंड झाकणावर चढवा आणि सीडी टेबलावर ठेवा. हलका धक्का दिला की ती सरसर जाते. आता टेबल किंचित कलते करा. सीडी आपोआप उताराकडे निघते. घर्षण असताना लपून राहिलेला उतार आता दिसू लागला.

हा दांडा विकत घेणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. भूमिती बिनचूक होती, पण यंत्र जुळवायचे काम बाकी होते. काय काय जुळवायचे ते आपण आकड्यांनी पाहू या. सरकणाऱ्या सर्व भागांचे वस्तुमान ३६ ग्रॅम धरू. दंडाला १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर उतार असेल, तर तो ०.३६ ग्रॅम वजनाएवढ्या जोराने एका बाजूला ओढला जाईल. सुईचा तबकडीवरचा दाब सुमारे २ ग्रॅमच असतो. म्हणजे ही ओढ फार मोठी झाली. आता तबकडीचे भोक केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकलेले आहे असे धरा. दांडा प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे हलेल, पण त्यासाठी लागणारा जोर फक्त ०.०११ ग्रॅम वजनाएवढा येतो. डोळ्यांना डोलणारा दांडा दिसतो आणि भीती वाटते. न दिसणारा उतार तीसपटींहून जास्त त्रास देतो.

दुसरी अडचण कंपनाची. सुईची लवचीक काडी आणि दांड्याचे वस्तुमान मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक रचना होते. लवचीकता १६ मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन असेल, तर वस्तुमान ग्रॅममध्ये घेऊन नैसर्गिक वारंवारता अशी निघते : १५९ भागिले (वस्तुमान गुणिले १६) याचे वर्गमूळ. आडव्या दिशेत ३६ ग्रॅम घेतले तर सुमारे ६.६ हर्ट्‌झ. उभ्या दिशेत दांडा तरफेसारखा हलतो. तिथे परिणामी वस्तुमान १६ ग्रॅम घेतले तर सुमारे १० हर्ट्‌झ. वाकड्या तबकडीची आणि पावलांची कंपने याहून कमी वारंवारतेची असतात, तर संगीत २० हर्ट्‌झच्या वर असते. म्हणून ८ ते १२ हर्ट्‌झ ही जागा सोयीची. आडवी वारंवारता त्याखाली घसरली आहे.

मग मागचे तोलाचे वजन कमी करावे का? तरफेचा नियम आठवा. २० ग्रॅम ५ सेंटिमीटरवर आणि १० ग्रॅम १० सेंटिमीटरवर, तोल सारखाच. पण आडव्या दिशेत सारा भार एकत्र सरकतो, त्यामुळे तिथे १० ग्रॅम वाचले. उभ्या दिशेत मात्र अंतराचा वर्ग येतो आणि जडत्व दुप्पट होते : ५०० ऐवजी १०००. एकीकडे मिळवले ते दुसरीकडे थोडे द्यावे लागते. थिग्पेन यांनी तोलाचे वजन पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर बसवले, म्हणजे आडव्या कंपनात ते दांड्याला घट्ट जखडलेले राहत नाही आणि एक मोठे अनुस्पंदन दोन लहानांत विभागले जाते. वापरणाऱ्यांनी आपापल्या सुईला जुळेल अशी पट्टीची जाडी शोधली. दांड्यामागे ओढली जाणारी तार स्प्रिंगसारखी खेचते, म्हणून बारीक आणि मऊ तार घातली. पंपाच्या धडधडीने हवेचा दाब वरखाली होतो, म्हणून मध्ये रिकामी टाकी जोडली. विजेच्या मंडलात धारित्र जे काम करते तेच ही टाकी करते.

या सगळ्यातून आवाज सुधारला हे कसे ठरवायचे? कान फसवा असतो. आपण खटपट केली, की फरक ऐकू येतोच. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीच तबकडी पुन्हा लावायची, आणि शक्यतो ऐकणाऱ्याला काय बदलले ते सांगायचे नाही. ही शिस्त प्रयोगशाळेतल्या शिस्तीहून वेगळी नाही.

हा दांडा आला तेव्हा सीडी बाजारात येऊन काही वर्षे झाली होती. सीडीत सुईच नव्हती. तरीही लोक दांडे जुळवत राहिले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा एलपी तबकड्या जास्त विकल्या गेल्या. आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. काटकोनाचे प्रमेय शिकवून झाले, की मुलांना एकदा विचारावे : हा काटकोन प्रत्यक्षात धरून ठेवायचा तर काय काय लागेल? उत्तरात घर्षण येईल, उतार येईल, तरफ आणि स्प्रिंग येतील. भूमितीचा तास संपून पदार्थविज्ञानाचा तास कधी सुरू झाला, ते कळणारही नाही.