आभासी यंत्रांच्या भिंती

१९६०च्या दशकाच्या मध्याची गोष्ट आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अनेकांनी मिळून वापरायचा एक संगणक होता. त्यावर सीटीएसएस नावाची कार्यप्रणाली चाले. प्रत्येक जण आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसे, आपला परवलीचा शब्द देई आणि यंत्राचा क्षणाक्षणाचा वाटा मिळवी. एके दिवशी आत शिरणाऱ्या प्रत्येकापुढे नेहमीच्या 'आजच्या सूचने'ऐवजी सर्व सभासदांची नावे आणि त्यांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले.

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. एक व्यवस्थापक सूचनेची फाइल सुधारत होता, त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची. दोघेही एकाच डिरेक्टरीत काम करत होते. संपादनाची आज्ञावली तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच ठरलेले नाव देई, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करील असे ती लिहिताना गृहीत धरले होते. पुढे सोयीसाठी व्यवस्थापकांपुरता तो नियम सैल झाला आणि दोन फाइलींची अदलाबदल झाली. सीटीएसएसचे जनक फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९९०चा ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यानंतरच्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदतात, तेव्हा प्रत्येकाच्या खोलीला कुलूप असतेच. पण भांडणे होतात ती सामाईक नळावर, सामाईक जिन्यात. सीटीएसएसमध्येही कुलपे शाबूत होती, घात केला तो सामाईक जागेने. पुढची साठ वर्षे संगणकशास्त्राची एक शाखा याच प्रश्नामागे लागलेली दिसते: एकाच यंत्रावर राहणाऱ्यांमध्ये सामाईक असे किती उरू द्यायचे?

या प्रश्नाला पहिले धीट उत्तर मिळाले ते बरेचसे अनवधानाने. १९६४ साली एमआयटीने आपल्या पुढच्या मल्टिक्स प्रकल्पासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. त्याच वर्षी आयबीएमने एमआयटीच्या शेजारी केंब्रिज सायंटिफिक सेंटर उभारले. सीटीएसएसवर काम केलेले रॉबर्ट क्रीझी तेथे आले, आणि लेस कोमो व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी सीपी-४० ही प्रणाली रचली.

कल्पना वरवर पाहता उधळपट्टीची वाटावी अशी होती. वापरणाऱ्याला कार्यप्रणालीतला एक कोपरा देण्याऐवजी त्याला अख्खे यंत्रच द्यायचे! अर्थात खरे नव्हे, आभासी. प्रत्येकाला आपल्यापुढे एक स्वतंत्र सिस्टिम/३६० संगणक आहे असे वाटावे. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःचा कार्डवाचक, स्वतःचा छापखाना असावा. त्या यंत्रावर सीएमएस ही साधी, एकट्या माणसापुरती कार्यप्रणाली चालावी. वाटणीची कटकट खालच्या सीपीने पाहायची आणि माणसाच्या सोयीचे सीएमएसने. कामाची ही विभागणी इतकी स्वच्छ होती की ती आजतागायत टिकली आहे. सिस्टिम/३६०च्या मॉडेल ४०मध्ये पत्तेबदलाची सोय नव्हती, म्हणून त्या एका यंत्राला खास जोडणी करून घ्यावी लागली. जानेवारी १९६७पासून सीपी-४० रोजच्या वापरात आली आणि तिच्यावर एका वेळी चौदापर्यंत आभासी यंत्रे चालू शकत. तिच्यातून सीपी-६७ निघाली आणि ऑगस्ट १९७२मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने तिचा वारसा अधिकृतपणे बाजारात आणला.

येथे एका शब्दाचा उलगडा करायला हवा. कार्यप्रणालीच्या गाभ्याला त्या काळी 'सुपरवायझर' म्हणत. या पर्यवेक्षकांवरही देखरेख ठेवणारा तो 'हायपरवायझर'.

त्याचे शास्त्र मांडले गेले ते १९७४मध्ये, जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांच्या निबंधात. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. प्रोसेसरच्या काही आज्ञा 'विशेषाधिकारा'च्या असतात. सामान्य आज्ञावलीने त्या उच्चारल्या की यंत्र थबकते आणि सूत्रे वरिष्ठाकडे जातात. काही आज्ञा 'संवेदनशील' असतात. त्या यंत्राची अवस्था बदलतात किंवा उघड करतात. प्रत्येक संवेदनशील आज्ञा विशेषाधिकाराचीही असेल, तर त्या यंत्रावर हायपरवायझर रचता येतो. म्हणजे पाहुण्याने घरमालकाच्या वस्तूला हात लावताच मालकाला कळले पाहिजे. न कळता हात लावता येईल अशी एकही वस्तू घरात नको.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३मध्ये, बटलर लॅम्पसन यांनी एका छोट्या टिपणात एक अडचण नोंदवून ठेवली होती. समजा, एखाद्या आज्ञावलीला पूर्ण कोंडून टाकले, बाहेर एक अक्षरही लिहू दिले नाही. तरीही ती यंत्राला मुद्दाम कधी कामाला जुंपू शकते, कधी मोकळे सोडू शकते. शेजारची आज्ञावली स्वतःचे काम कधी रेंगाळते आणि कधी भरभर होते एवढेच मोजत बसली, तरी तिला निरोप मिळतो. भिंतीला भोक नाही, पण पलीकडची ठकठक ऐकू येते. अशा वाटांना लॅम्पसन यांनी 'छुपे मार्ग' म्हटले.

अशा रीतीने दोन सूर जवळजवळ एकाच वेळी लागले. पोपेक आणि गोल्डबर्ग सांगत होते, भिंत बांधता येते. लॅम्पसन सांगत होते, भिंत पुरेशी नाही. पुढचा इतिहास या दोन सुरांच्या जुगलबंदीचा आहे.

१९८१मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील जॉन रश्बी यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. सुरक्षिततेचे सगळे नियम एका केंद्रीय गाभ्यात कोंबले की तो गाभा इतका अवजड होतो की तो बिनचूक आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. रश्बींनी विचारले, की मुळात सुरक्षित रचना आपण कशी करू? वेगवेगळी कामे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवू आणि त्यांच्यात मोजक्याच तारा ओढू. मग एका यंत्रावर हेच करायचे असेल, तर गाभ्याचे कर्तव्य एकच उरते: आतल्या प्रत्येकाला ही मांडणी अनेक सुट्या यंत्रांसारखीच वाटली पाहिजे, फरक ओळखता येता कामा नये. याला त्यांनी 'विलगीकरणाचा गाभा' म्हटले. या कल्पनेत हायपरवायझरचा मोठेपणा तो काय काय करतो यावर ठरत नाही. तो कशापासून स्वतःला रोखतो, यावर ठरतो.

त्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपल्या व्हॅक्स संगणकासाठी अतिसुरक्षित हायपरवायझरचे काम हाती घेतले. तेथील मंडळींनी लॅम्पसनचा इशारा मनावर घेतला होता. छुप्या मार्गांना आळा घालण्यासाठी त्यांनी आभासी यंत्रांना दिसणारे घड्याळच धूसर केले, म्हणजे शेजाऱ्याला नेमके काही मोजताच येऊ नये. यंत्र चालू लागले होते, पण ग्राहक पुरेसे दिसेनात आणि १९९०मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

रश्बींचा विचार रुजला तो विमानांत. पूर्वी विमानातल्या प्रत्येक कार्यासाठी निराळी पेटी असे. पेट्या वाढल्या तसे वजन वाढले, तारांचे जंजाळ वाढले. अनेक कामे एका संगणकावर आणावीत, हे मग ओघाने आले. बोइंग ७७७ हे विमान १९९५मध्ये सेवेत आले तेव्हा त्यात अशी एकत्रित मांडणी होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात एरिंक ६५३ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात मेमरीची वाटणी आहे तशीच काळाचीही आहे. शाळेच्या वेळापत्रकासारखे तास आधीच ठरलेले. एका कामात बिघाड होऊन ते गरगर फिरत राहिले, तरी दुसऱ्याच्या तासावर अतिक्रमण होत नाही. येथे कार्यक्षमतेचा काही अंश जाणूनबुजून सोडून दिला आहे.

जमिनीवरच्या संगणकांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरांनी जग व्यापले, पण पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीला ते उतरत नव्हते. पेंटियममध्ये संवेदनशील असूनही विशेषाधिकाराच्या नसलेल्या सतरा आज्ञा आहेत, असे २०००मध्ये एका निबंधात दाखवून दिले गेले. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पाहुण्याच्या आज्ञा चालता चालता भाषांतरित करून ही अडचण ओलांडली. केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने २००३मध्ये पाहुण्या कार्यप्रणालीलाच थोडे बदलून घेतले. २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली. या साऱ्याचा हेतू उघड होता: एका सर्व्हरवर जास्तीत जास्त बिऱ्हाडे बसवणे. त्यासाठी हायपरवायझर प्रत्येकाला डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा अशी खोटी उपकरणे पुरवू लागला आणि स्वतः लठ्ठ होत गेला. २०१५मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघड झाला तो याचा कळस. क्यूएमू या उपकरणे भासवणाऱ्या आज्ञावलीत फ्लॉपी डिस्कच्या नियंत्रकाची नक्कल होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते. पण तो कोड तसाच पडून होता, आणि त्यातून आभासी यंत्राबाहेर पडण्याची शक्यता निर्माण झाली. वापरात नसलेल्या माडीवरून चोर शिरावा तसा हा प्रकार.

या पार्श्वभूमीवर २०१३च्या नोव्हेंबरात सीमेन्समधील यान किस्का यांनी 'जेलहाउस' मुक्त परवान्याखाली जाहीर केला, तो मला या इतिहासाचे मूळ वळणावर परत येणे वाटतो. जेलहाउस हा वाटणीचा हायपरवायझर आहे. तो वेळापत्रक चालवत नाही; एक प्रोसेसर कोअर एकाच कोठडीचा. मेमरीही असेल तेवढीच वाटतो, नसलेली देऊ करत नाही. उपकरणांच्या नकला करणेही तो जवळजवळ पूर्णपणे टाळतो; खरे उपकरण ज्याला दिले त्याचे. त्याचा कोड काही हजार ओळींत आटोपतो.

त्याची उभारणीही चमत्कारिक आहे. आधी लिनक्स नेहमीप्रमाणे सुरू होते. मग जेलहाउस लिनक्सच्या पोटातून उठतो, यंत्राचा ताबा घेतो आणि क्षणापूर्वी मालक असलेल्या लिनक्सला पहिल्या कोठडीत बसवतो. त्यानंतर या मूळ कोठडीकडून एखादा कोअर आणि मेमरीचा तुकडा काढून घेऊन दुसरी कोठडी तयार करायची, तिच्यात 'कैदी' म्हणजे आपली आज्ञावली भरायची आणि तिला सुरू करायचे. गंमत अशी, की कैद्याला वाटले तर तो कोठडी बंद करण्याची लिनक्सची विनंती नाकारू शकतो. यंत्राचा हात चालवणाऱ्या आज्ञावलीला मध्येच उठवणे धोक्याचे असते, म्हणून हा अधिकार.

एका जुन्या, चार कोअरच्या संगणकावर मी हा प्रयोग करून पाहिला. हायपरवायझरसाठी आणि नव्या कोठडीसाठी मेमरीचा एक पट्टा लिनक्सपासून आधीच राखून ठेवावा लागतो. मग कोठडीचा तपशील लिहायचा: कोणते कोअर, मेमरीचे कोणते पट्टे, त्यांवर वाचण्याचा अधिकार आहे की लिहिण्याचा, कोणती उपकरणे, कोणते पोर्ट. यंत्र पाहून ही यादी बनवणारे साधन आहे, पण ते सांगेल ते शेवटचे नव्हे. पहिल्या प्रयत्नात ताबा बदलताच पडदा गोठला. सीरियल पोर्टवर पाहिले तेव्हा एक कोरडी ओळ दिसली: अमुक कोअर थांबवून ठेवला आहे. लिनक्सने यादीत नसलेल्या एका पत्त्याला हात लावला होता. चूक यादीची होती. रागावण्यासारखे काही नव्हते. भिंत होती आणि ती भिंतीसारखी वागली, इतकेच.

त्या संध्याकाळी ती यादी ओळीओळीने वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नेटवर्क कार्डासारखी उपकरणे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. प्रोसेसरच्या दारावर कितीही पहारा बसवला, तरी हे मागचे दार उघडेच. ते बंद करण्यासाठी उपकरणांचे पत्ते तपासणारे आयओएमएमयू हे निराळे यंत्रांग लागते. ते बंद असेल तर कोठडी नुसती कागदावर राहते.

आणि तरीही लॅम्पसन यांचा सूर थांबलेला नाही. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. आज्ञा पूर्ण होण्याआधी प्रोसेसर अंदाजाने पुढचे काम करून पाहतो. अंदाज चुकला तर ते पुसतो, पण कॅशेमध्ये त्याचा माग उरतो, आणि वेळ मोजून तो वाचता येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झालेल्या दोषाने तर शेजारच्या आभासी यंत्राची मेमरीही या वाटेने उघडी पडू शकते हे दिसले. १९७३मधली ठकठक पंचेचाळीस वर्षांनी अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या भिंतीतून ऐकू आली. ज्या व्हॅक्सच्या मंडळींनी घड्याळ धूसर केले होते, ती उगीच भ्याली नव्हती.

मग हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज मोटारीतला गाण्यांचा पडदा आणि वेगाचा काटा एकाच चिपवर येऊ लागला आहे. कारखान्यातले यंत्र आणि त्याची आकडेवारी इंटरनेटवर पाठवणारे सॉफ्टवेअर एकाच पेटीत राहते. या दोहोंमध्ये सामाईक काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपला जीव कशाच्या भरवशावर आहे हेही ठाऊक नाही. वाटणीचा हायपरवायझर सामाईकपणा नाहीसा करत नाही. तो यादीत उतरवायला भाग पाडतो. सीटीएसएसच्या त्या दिवशी नेमकी हीच यादी कोणाच्या हाती नव्हती.

जेलहाउसच्या तपशिलात कॅशेची वाटणी लिहिण्यासाठीही जागा आहे; प्रोसेसरमध्ये तशी सोय असेल तर कॅशेचे तुकडे करून देता येतात. माझ्या जुन्या प्रोसेसरमध्ये ती सोय नाही. तेथे ती जागा रिकामी सोडावी लागली, आणि दोन्ही कोठड्या शेवटची कॅशे अजून एकत्रच वापरतात.