पोस्टकार्ड ते पोस्ट: दोन शब्दांचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

बातमी आली की मागोमाग मत येतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल, संसदेतलं नवं विधेयक, एआयमुळे कुणाच्या नोकऱ्या जाणार, कुठल्या नेत्याची जीभ घसरली, यातल्या कशावरही दोन ओळी लिहायला आपल्याला अर्धं मिनिट पुरतं. लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहितो, अंथरुणात पडल्या पडल्या लिहितो. लिहून झालं की विसरूनही जातो. या मतांना कुणी फार किंमत देत नाही, लिहिणाराही नाही.

अशा दोन ओळींसाठी भारतात जवळजवळ साडेपाच वर्षं तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकत होती. त्या कायद्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं: माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६-अ. तो सुप्रीम कोर्टानं रद्द केला हेही माहीत असतं. पण त्या कलमातले 'ग्रोसली ऑफेन्सिव्ह', म्हणजे 'घोर आक्षेपार्ह', हे दोन शब्द आले कुठून? ते इंटरनेटसाठी कुणी नव्यानं घडवलेले नव्हते. ते आले पोस्टातून.

पाव आण्याचं कार्ड

भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १८७९ साली. किंमत पाव आणा. पाकीट नाही, लाख नाही, काही झाकलेलं नाही. मजकूर पोस्टमन वाचू शकतो, शेजारी वाचू शकतो, ज्याच्या हातून कार्ड जाईल तो प्रत्येक जण वाचू शकतो. आजच्या भाषेत सांगायचं तर सेटिंग कायम 'पब्लिक'.

१८९८ साली भारतीय पोस्ट कायदा आला. त्याच्या कलम २० नं वस्तूवर किंवा तिच्या वेष्टनावर अश्लील, राजद्रोही, शिवराळ, धमकीवजा किंवा 'घोर आक्षेपार्ह' शब्द असलेलं काहीही टपालानं पाठवायला बंदी घातली. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा रोख बाहेरून दिसणाऱ्या शब्दांवर होता.

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, 'केसरी'तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा पहिला खटला चालला होता. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते, आणि कौल सहा विरुद्ध तीन असाच लागला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला 'डिसअफेक्शन'चा अर्थ समजावून सांगितला, तो असा की अफेक्शनचा, म्हणजे प्रेमाचा अभाव. सरकारबद्दल प्रेम नसणं एवढंही पुरे होतं. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये सरकारनं राजद्रोहाचं कलम आणखी रुंद करून 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द त्यात घातले, आणि जमाती-जमातींत वैर पसरवण्याबद्दलचं १५३-अ हे नवं कलम आणलं. दंडसंहितेतली ही दुरुस्ती म्हणजे त्या वर्षीचा चौथा कायदा, आणि पोस्टाचा कायदा सहावा. वर्तमानपत्र आणि टपाल, दोन्हींवरचा पहारा एकाच वर्षी कडक झाला.

टेलिफोनवरच्या मुली

पुढचा मुक्काम ब्रिटन, साल १९३५. तेव्हा टेलिफोनही पोस्ट खात्याच्या ताब्यात असायचा. कॉल जोडून द्यायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसलेल्या असत, त्यात तरुण मुली पुष्कळ. त्यांना फोनवरून घाणेरडं बोलणारे लोक तेव्हाही होते. म्हणून पोस्ट खात्याच्या दुरुस्ती कायद्यात कलम घातलं गेलं: टेलिफोनवरून 'घोर आक्षेपार्ह', अश्लील किंवा धमकीवजा संदेश पाठवणं हा गुन्हा. हेतू सरळ होता. नोकरी म्हणून जिला ऐकावंच लागतं, फोन ठेवून उठून जाण्याची सोय जिला नाही, तिचं संरक्षण.

पुढे एक्स्चेंज स्वयंचलित झाली. मध्ये बसून ऐकणारं माणूस गेलं, कलम मात्र राहिलं. कायदे बदलत गेले तसं ते एकातून दुसऱ्यात उचललं गेलं आणि २००३ च्या ब्रिटिश कम्युनिकेशन्स कायद्याच्या कलम १२७ मध्ये येऊन बसलं. जानेवारी २०१० मध्ये एका तरुणाचा विमानतळ बर्फामुळे बंद पडला. वैतागून त्यानं ट्विटरवर लिहिलं की आठवड्याभरात सुरळीत करा, नाहीतर विमानतळच उडवून देईन. वाचणाऱ्याला वैताग दिसावा अशीच ती ओळ होती. तरी तो याच कलमाखाली दोषी ठरला, त्याला दंड झाला, नोकरी गेली. शिक्षा रद्द व्हायला जुलै २०१२ उजाडावा लागला. ऑपरेटर मुलींसाठी केलेला कायदा एका फसलेल्या विनोदावर चालला होता.

गदारोळातलं कलम

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. ई-व्यापार आणि डिजिटल सही हे त्याचे मुख्य विषय होते. कुणाच्या मतांशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यात ६६-अ घुसलं २००८ च्या दुरुस्तीनं. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. २२ डिसेंबरला लोकसभेनं गदारोळात, चर्चेविना ते विधेयक मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं. २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम लागू झालं.

त्यात काय होतं? कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून घोर आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर पाठवणं गुन्हा. खोटं आहे हे माहीत असताना कुणाला त्रास, गैरसोय, अपमान व्हावा म्हणून वारंवार पाठवणं गुन्हा. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून ई-मेल पाठवणंही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तुलना करून बघा: ब्रिटनमध्ये त्याच शब्दांना कमाल शिक्षा होती सहा महिने. आणि आपल्याच दंडसंहितेत, छापील वर्तमानपत्रात कुणाची बदनामी केली तर दोन वर्षं. म्हणजे कागदावर बदनामी केली तर दोन, मोबाइलवर गैरसोय केली तर तीन! शिवाय गुन्हा दखलपात्र. पोलिसांना अटकेसाठी कोर्टाच्या वॉरंटची गरज नाही.

२०१२

या कलमाचं खरं रूप २०१२ साली दिसलं. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ई-मेलनं पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. ते त्या खटल्यातून पूर्ण सुटले जानेवारी २०२३ मध्ये. एक फॉरवर्ड, जवळजवळ अकरा वर्षं. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली, तीही राजद्रोहाच्या कलमासकट.

मग पालघर. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले. १८ तारखेला, रविवारी, अंत्ययात्रा निघाली आणि मुंबई-ठाण्यात सगळं बंद होतं. पालघरच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, २१ वर्षांच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं की रोजच माणसं जातात, त्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाईक केली. एवढंच.

त्या पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याची तक्रार आली, जमाव जमला, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पोस्ट काढून, माफी मागूनही उपयोग झाला नाही. सोमवारी दोघींना अटक झाली. जिनं लिहिलं तिला, आणि जिनं अंगठा दाबला तिलाही. १५ हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, हायकोर्टानं मॅजिस्ट्रेटची बदली केली, केस बंद झाली. त्या दिवशी ज्यांच्या भावना दुखावल्या होत्या त्यांचं दुःख खरंच होतं, ते नाकारण्याचं कारण नाही. पण शोकात असलेल्या माणसाला एखादं वाक्य बोचणं वेगळं, आणि त्या वाक्यासाठी सरकारनं कुणाला उचलणं वेगळं. ६६-अ नं या दोन्हींतली भिंतच काढून टाकली होती.

चर्चा, प्रचार, चिथावणी

त्याच महिन्यात श्रेया सिंघल या तरुणीनं सुप्रीम कोर्टात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं ६६-अ संपूर्ण रद्द केलं. निकालपत्रानं या शब्दांचं मूळ थेट १९३५ च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत शोधलं आहे.

निकालातला सगळ्यात कामाचा भाग सोपा आहे. बोलण्याचे तीन टप्पे असतात: चर्चा, प्रचार आणि चिथावणी. पहिले दोन कितीही कडू लागले तरी घटनेच्या संरक्षणात आहेत. मामला चिथावणीपर्यंत पोचला तरच कायद्यानं हात घालायचा. दुसरा मुद्दा शब्दांच्या संदिग्धतेचा. त्यासाठी कोर्टानं ब्रिटनचंच उदाहरण घेतलं. तिथं एक माणूस आपल्या खासदाराच्या ऑफिसात फोन करून वंशद्वेषी भाषा वापरायचा. खालच्या कोर्टानं आणि वरच्या कोर्टानं म्हटलं, हे घोर आक्षेपार्ह नाही. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं म्हटलं, आहे. कसलेल्या न्यायाधीशांचंही ज्यावर एकमत होत नाही ते पालघरच्या ठाण्यातल्या फौजदारानं कसं ठरवायचं? आणि पोस्ट लिहिणाऱ्यानं, लिहिण्याआधी?

तळटीप

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण रद्द झालेलं कलम मरेना. निकालानंतरही देशभर ६६-अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. पीयूसीएल ही संघटना पुन्हा कोर्टात गेली. तिनं मांडलेल्या आकड्यांनुसार मार्च २०२१ मध्ये ११ राज्यांत ७४५ खटले जिवंत होते, आणि निकालानंतर दाखल झालेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता: ३८१. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याचा हा पहिला नंबर.

असं का झालं याचं उत्तर ॲटर्नी जनरलनी जुलै २०२१ मध्ये कोर्टात दिलं. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसंच्या तसं असतं. ते रद्द झाल्याची नोंद असते खाली, तळटिपेत. ठाण्यातला अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठानं आदेश दिला की ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नये, आणि चालू खटल्यांतून त्याचा उल्लेख काढावा. रद्द केलेलं पुन्हा रद्द करायला साडेसात वर्षं लागली.

आता काय?

६६-अ गेलं म्हणून काहीही लिहायची मुभा आहे असं नाही. बदनामी, दोन समाजांत तेढ, धार्मिक भावना यांची कलमं शिल्लक आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे नंबर बदलले: १५३-अ झालं १९६, २९५-अ झालं २९९. 'राजद्रोह' हा शब्द गेला, त्याच्या जागी कलम १५२ आलं. १८९८ चा पोस्ट कायदाही गेला, २०२३ चा नवा आला.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही महाराष्ट्रातच घडल्या आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप गुन्हेगार ठरवता येत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कुठली माहिती 'खोटी' किंवा 'दिशाभूल करणारी' हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. तिसऱ्यांनी मत दिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नियम रद्द झाला. आक्षेप ओळखीचाच होता: शब्द सैल आहेत, आणि ते मोजायची फूटपट्टी सरकारच्या हातात आहे.

सैल शब्दांची सोय अशी की प्रत्येक नव्या यंत्राला ते बसतात. प्रेमाचा अभाव, घोर आक्षेपार्ह, गैरसोय, दिशाभूल. डीपफेक आणि एआयसाठी पुढचा कायदा येईल, आणि त्याची गरजही असेल, कारण फसवले जाणारे आणि छळले जाणारे लोक खरे आहेत. १९३५ च्या ऑपरेटर मुलीही खऱ्याच होत्या. फक्त त्या विधेयकाची बातमी आली की मत देण्याआधी त्यातले शब्द वाचावेत. तळटिपांसकट.